धुरावांचून विस्तव

डोंगरावर धूर दिसला कीं तेथें अग्नि असलाच पाहिजे, हें आपल्या नैयायिकांचें शतकानुशतकें चालत आलेलें उदाहरण आहे. चुलीपुढें बसून डोळे चोळणाऱ्या गृहिणीस तें पटविण्यासाठीं तर्कशास्त्राची पोथी उघडावी लागत नसे. परंतु गेल्या शंभर वर्षांत माणसानें असा एक विस्तव हस्तगत केला आहे कीं, त्यास धूर नाहीं, ज्वाळा नाहीं, निखाराही नाहीं. नवल असें कीं, ज्या लहरींवर आरूढ होऊन माझा आवाज या क्षणीं आपल्या दिवाणखान्यांत येत आहे, त्याच लहरींच्या गोत्राचा हा विस्तव आहे. अन्न शिजविण्याच्या व धान्यांतील कीड मारण्याच्या कामीं या लहरींचा उपयोग कसा होत गेला, आणि त्यांपैकीं पहिलें काम घराघरांत पोंचलें असतां दुसरें प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच इतकीं वर्षें कां रेंगाळलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभ घरांतूनच करूं. वैशाखाच्या उन्हांत गच्चीवर गहूं पसरावा, कडकडीत वाळवावा, साठवणींत कडुनिंबाचा पाला व बिब्बे घालावे, तुरीच्या डाळीस एरंडेलाचा हात लावावा, हा आपल्याकडील वर्षाचा क्रम. इतकें करूनही श्रावणांत डबा उघडावा तों आंत सोंडे फिरत असलेले दिसावे, हाही अनुभव तितकाच जुना आहे. यांत दोष गृहिणीचा नाहीं. सोंडकिड्याची मादी आपल्या सोंडेनें दाण्यास छिद्र पाडते, त्यांत एक अंडें घालते आणि चिकट द्रवानें तें छिद्र लिंपून टाकते. अंड्यांतून निघालेली अळी दाण्याच्या पोटांतच वाढते, तेथेंच कोषावस्थेंत जाते, आणि पूर्ण कीटक झाल्यावरच भोंक पाडून बाहेर येते. कडधान्यावरील भुंगेऱ्याची मादी अंडें दाण्याच्या वर चिकटविते, एवढाच फरक. तिचीही अळी आंत शिरून दाणा पोखरते. म्हणजे चाळून, पाखडून किंवा निवडून जो शत्रु हातीं लागतो तो बाहेर आलेला. खरा शत्रु दाण्याच्या गाभाऱ्यांत दडून बसलेला असतो.

त्याला तेथें गांठण्याचे मार्ग मुख्यत्वें दोन. एक विषारी वायूची धुरी व दुसरा उष्णता. उष्णतेची अडचण अशी कीं, ती बाहेरून आंत जाते, आणि धान्याची रास तिला वाट देण्यांत मोठी कृपण असते. राशीचा वरचा थर करपण्याच्या बेतास येतो तरी मधला भाग कोमटच राहतो. लहरींची रीत याच्या उलट आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूचें एक टोंक किंचित् धनविद्युत् धारण करणारें व दुसरें ऋणविद्युत् धारण करणारें असतें. भोंवतालच्या विद्युत्‌क्षेत्राची दिशा पालटली कीं हा रेणु तोंड फिरवूं पाहतो. जत्रेच्या दाटींत उभ्या असलेल्या माणसांना कोणी क्षणोक्षणीं उजवीकडे व डावीकडे वळण्याचा हुकूम द्यावा, म्हणजे खांद्यास खांदा घासून जी अवस्था होईल, तशीच या रेणूंची होते. हा हुकूम सेकंदास कोट्यवधि वेळां पालटूं लागला कीं त्या घर्षणानें ऊब उत्पन्न होते. पाण्यांत विरघळलेल्या क्षारांचे विद्युत्‌भारित कणही याच ओढाताणीनें तापतात. उष्णता बाहेरून आणावी लागत नाहीं. ती पदार्थाच्या अंगांतच जन्मास येते.

आतां येथें एक मर्माची गोष्ट आहे. चांगल्या वाळलेल्या गव्हांत पाण्याचा अंश शेंकडा बारा-तेरा असतो. त्याच्या पोटांतील किड्याचें शरीर निम्मेंशिम्में पाण्याचेंच, आणि तेंही क्षारयुक्त पाण्याचें. तेव्हां योग्य लहर निवडली तर दाण्याहून किडा अधिक वेगानें तापावा, घर न जाळतां घरांतला चोर तेवढा होरपळावा, अशी ही संधि आहे. ही कल्पना आजकालची नव्हे. तिचा इतिहास नभोवाणीच्या इतिहासाच्या जोडीनेंच चालत आला आहे.

विद्युत्‌लहरींचें अस्तित्व हाइन्‌रिख हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८८८ सालीं कार्ल्सरूह येथें प्रयोगानें सिद्ध केलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्या जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यास मिलीमीटरांत मोजाव्या लागणाऱ्या आखूड लहरी निर्माण करून दाखविल्या. तिकडे पॅरिसमध्यें दार्सोन्‌व्हाल हा शरीरशास्त्रज्ञ अत्यंत वेगानें दिशा पालटणारा विद्युत्‌प्रवाह माणसाच्या देहांतून नेऊन पाहत होता. मंद गतीच्या प्रवाहानें स्नायूंना झटके बसतात; गति फार वाढविली तर झटका बसत नाहीं, फक्त ऊब जाणवते, असें दिसून आलें. यांतूनच पुढें डायथर्मी नांवाची उपचारपद्धति निघाली आणि आंखडलेल्या सांध्यांना विजेचा शेक मिळूं लागला. विजेनें आंतून शेकतां येतें ही गोष्ट अशा रीतीनें वैद्यांना प्रथम ठाऊक झाली. आचारी आणि शेतकी शास्त्रज्ञ मागाहून आले.

पण ते फार मागाहून आले नाहींत. अमेरिकेंतील न्यू जर्सीचे कीटकशास्त्रज्ञ थॉमस हेडली यांनीं बर्डेट या सहकाऱ्यासह १९२९ सालींच उच्च कंपनांच्या नभोवाणी-लहरींचा कीटकांवर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. १९३१ सालीं त्यांनीं पुढचा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न हातीं घेतला : याच लहरींचा कीटकांवर होणारा परिणाम आणि वनस्पतींवर होणारा परिणाम यांत अंतर किती? सगळें यश या अंतरावर अवलंबून होतें, हें त्यांनीं नेमकें ओळखलें होतें. दोनच वर्षांनीं, १९३३ सालीं, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत वेस्टिंगहाउस कंपनीनें १० किलोवॉट शक्तीच्या व ६० मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदास सहा कोटी आंदोलनें करणाऱ्या, प्रक्षेपकास दोन धातूचे पत्रे जोडले आणि त्या पत्र्यांच्या मधोमध मांस व बटाटे ठेवून ते कांहीं मिनिटांत शिजवून दाखविले. विस्तव दिसत नाहीं आणि बटाटा मात्र शिजतो, हें पाहून प्रेक्षकांस काय वाटलें असेल याची कल्पना करावी. अशा रीतीनें स्वयंपाक आणि कीड, दोन्ही कामांचा पाया दुसऱ्या महायुद्धापूर्वींच घातला गेला होता.

युद्धानें या दोन भावंडांची ताटातूट केली. १९४० च्या फेब्रुवारींत बर्मिंगहॅम विद्यापीठांत रँडल व बूट या दोघांनीं पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन तयार केला. मुठींत मावेल एवढ्या तांब्याच्या ठोकळ्यांतून सुमारें दहा सेंटिमीटर लांबीच्या अतिशय प्रबळ लहरी निघूं लागल्या. शत्रूचीं विमानें शोधणाऱ्या रडारला याहून मोठी देणगी नव्हती. त्याच वर्षीं सप्टेंबरांत हेन्री टिझार्ड यांच्या शिष्टमंडळाबरोबर हें गुपित अमेरिकेस गेलें आणि तेथील कारखान्यांतून मॅग्नेट्रॉन मोठ्या संख्येनें बाहेर पडूं लागले. अशा एका कारखान्यांत, रेथिऑन कंपनींत, पर्सी स्पेन्सर नांवाचा तंत्रज्ञ होता. त्याचें शालेय शिक्षण अर्धवट सुटलें होतें. विद्या त्यानें स्वतःच्या हिमतीवर संपादिली होती. चालू मॅग्नेट्रॉनपाशीं उभें असतां त्याच्या खिशांतील मिठाईची वडी वितळली, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीला मागाहून कितीही रंग चढला असो, १९४५ च्या ऑक्टोबरांत त्यानें अन्नावर सूक्ष्मलहरींची प्रक्रिया करण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठीं अर्ज केला, ही मात्र इतिहासजमा गोष्ट आहे.

पुढची वाटचाल आपणांस परिचित आहे. आंकडे तेवढे सांगतों. १९४७ सालची पहिली बाजारी भट्टी जवळजवळ सहा फूट उंच होती, तिचें वजन सुमारें ३४० किलो व किंमत सुमारें ५,००० डॉलर होती, आणि ती थंड ठेवण्यासाठीं पाण्याची नळजोडणी लागे. १९५५ सालीं टॅपन कंपनीनें घरगुती भट्टी १,२९५ डॉलरला काढली. १९६७ सालीं अमाना कंपनीनें ओट्यावर मावणारी भट्टी ४९५ डॉलरला आणली, आणि तेथून तिचा गृहप्रवेश सुरू झाला. कारखान्यांनींही या विस्तवाचा लाभ घेतला. गोठविलेल्या मांसाच्या लाद्या कापण्याजोग्या मऊ होण्यास जेथें दिवस लागत, तेथें सूक्ष्मलहरींनीं तें काम मिनिटांवर आणलें. बिस्किटें भट्टींतून काढल्यावर त्यांच्या मध्यभागीं जो ओलावा राहतो व ज्यामुळें तीं मागाहून तडकतात, तो नभोवाणीच्या लहरींनीं काढून टाकण्याची पद्धत रूढ झाली. ओलावा जेथें अधिक तेथें उष्णता अधिक, हा नियम बिस्किटाच्या कारखान्यांत आपोआप पहारेकऱ्याचें काम करूं लागला.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख करणें अवश्य आहे. आपल्या घरांतील भट्टी २,४५० मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे सेकंदास २४५ कोटी आंदोलनांवर चालते, तें पाण्याच्या रेणूचें खास स्वतःचें कंपन आहे म्हणून, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. पाणी याहून कितीतरी जलद लहरी अधिक अधाशीपणानें शोषून घेतें. परंतु तशा लहरींची ऊब पदार्थाच्या कातडीवरच खर्ची पडेल. हा आंकडा निसर्गानें दिलेला नसून माणसांनीं आपसांत वांटून घेतलेला आहे. १९४७ सालीं अटलांटिक सिटी येथें आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तींत दळणवळणाच्या लहरींत व्यत्यय येऊं नये म्हणून उद्योगधंद्यांसाठीं कांहीं पट्टे राखून ठेवण्यांत आले. नभोवाणीच्या टापूंतील २७·१२ मेगाहर्ट्‌झ हा त्यांपैकींच एक. तो पुढें पुन्हा भेटणार आहे.

असो. भट्टी स्वयंपाकघरांत शिरत असतां धान्याच्या कोठारांत काय चाललें होतें? तेथें विष शिरलें होतें. मेथिल ब्रोमाइड या वायूची कीटकनाशक शक्ति १९३२ सालीं फ्रान्समध्यें लक्षांत आली. हा वायु राशीच्या तळापर्यंत झिरपतो, कांहीं तासांत काम करतो व मागाहून उडून जातो. त्याच्या जोडीला फॉस्फीन आला. हवेंतील ओलाव्यानें ज्या गोळ्यांतून तो वायु सुटतो, त्या पोत्यांच्या थप्पींत ठेवल्या कीं काम झालें. एका बाजूस चार गोळ्या व एक ताडपत्री आणि दुसऱ्या बाजूस अवजड, महागडें विद्युत्‌यंत्र. व्यापारी कोणती बाजू निवडील हें सांगण्यास ज्योतिषी नको.

तरीही कांहीं माणसांनीं हा नाद सोडला नाहीं. त्यांत अमेरिकेच्या कृषिखात्यांतील स्टुअर्ट नेल्सन यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. नेब्रास्कांतील लिंकन येथें व पुढें जॉर्जियांत त्यांनीं धान्य, कीटक व लहरी यांच्या परस्परसंबंधांवर दशकानुदशकें काम केलें. स्टेट्‌सन यांच्यासह त्यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेला एक निष्कर्ष या साऱ्या इतिहासाचा कणा आहे. गव्हांतील सोंडकिड्यांवर त्यांनीं ३९ मेगाहर्ट्‌झ व २,४५० मेगाहर्ट्‌झ अशा दोन लहरी ताडून पाहिल्या. नभोवाणीच्या टापूंतील मंद लहरीनें गहूं पुष्कळ कमी तापलेला असतांनाच किडे मेले; सूक्ष्मलहरीनें किडे मारावयाचे तर गहूंही फार तापवावा लागला. स्वयंपाकास जी लहर सोयीची ती कीड मारण्यास सोयीची नव्हे, हा त्याचा अर्थ. चोर निवडून काढण्याचें कौशल्य सुमारें दहा ते शंभर मेगाहर्ट्‌झच्या टापूंत आहे. युद्धानें मॅग्नेट्रॉन स्वस्त केला व स्वयंपाकघर उजळलें. कोठारास हव्या असलेल्या लहरीच्या वांट्याला तसें भाग्य आलें नाहीं. १९९६ सालीं नेल्सन यांनीं तोंवरच्या साऱ्या कामाचा आढावा घेतला, तेव्हां त्यांना प्रांजळपणें लिहावें लागलें कीं, कीड मरते यांत संशय नाहीं, परंतु खर्चाच्या बाबतींत ही पद्धत विषारी वायूंशीं टक्कर देऊं शकत नाहीं.

मात्र विषाची किंमत ज्या वहींत मांडली जात होती, ती वही अपुरी होती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें १९७२-७३ सालीं जगभर पाहणी केली, तींत फॉस्फीनला न जुमानणारे कीटक सांपडले. पुढें भारतीय उपखंडांतही असे हट्टी वाण आढळले. बंद घरांत धान्यास लावलेल्या गोळ्यांच्या वायूनें झोंपलेलीं माणसें दगावल्याच्या दुर्घटना आपल्या देशांतही घडल्या आहेत. मेथिल ब्रोमाइडची गोष्ट तर आकाशापर्यंत गेली. उडून जाणारा तो वायु कोठें जातो याचा विचार धुरी देणाऱ्यानें कधीं केला नव्हता. तो वातावरणाच्या वरच्या थरांत जाऊन सूर्याच्या जहाल किरणांपासून आपलें रक्षण करणारें ओझोनचें आवरण कुरतडतो, असें निष्पन्न झालें. ओझोनच्या रक्षणासाठीं १९८७ सालीं मॉन्ट्रियल येथें झालेल्या करारांत १९९२ सालीं या वायूचा समावेश झाला. प्रगत देशांनीं २००५ पर्यंत व विकसनशील देशांनीं २०१५ पर्यंत त्याचा सामान्य वापर बंद करावयाचा ठरला. परदेशीं माल धाडतांना कीड सीमा ओलांडूं नये म्हणून द्यावयाची धुरी तेवढी या बंदींतून वगळण्यांत आली.

आणि मग १९२९ सालची ती जुनी कल्पना पुन्हा आठवली. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठांतील ज्यूमिंग टांग व शाओजिन वांग यांनीं कॅलिफोर्नियांतील सहकाऱ्यांसह अक्रोडावर प्रयोग केले. तेथें उपयोगांत आली ती लहर २७ मेगाहर्ट्‌झची. अटलांटिक सिटीच्या परिषदेनें राखून ठेवलेली तीच. या लहरींत अक्रोडाच्या गरापेक्षां आंतील अळी १·४ ते १·७ पट वेगानें तापते असें त्यांनीं २००३ सालीं दाखविलें. चोर आणि घर यांतील तें अंतर अखेर मोजलें गेलें. २००७ पर्यंत हे प्रयोग कारखान्याच्या मापावर, सालासकट अक्रोडांवर झाले. ५२ अंश सेल्सिअसला पांच मिनिटें धरल्यास अळ्या मरतात व गराची चव बिघडत नाहीं, असा अनुभव आला.

यानंतरचें प्रकरण आपल्या घरांतील डाळीशीं येऊन भिडतें. अमेरिकेंत पिकणारी मसूर, हरभरा व वाटाणा ही कडधान्यें ज्या देशांत जातात त्यांत भारत आहे, आणि आपल्या २००३ सालच्या वनस्पति-संगरोधाच्या आदेशांत अशा कडधान्यास मेथिल ब्रोमाइडची धुरी देऊनच आणण्याची अट होती. त्या धुरीस पर्याय शोधण्यासाठीं याच संशोधकांनीं कडधान्यांवरील भुंगेरा डोळ्यांपुढें ठेवून २०१० सालीं जे आंकडे प्रसिद्ध केले, ते ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. तीन किलो कडधान्याचा मध्यभाग ६० अंशांपर्यंत तापविण्यास ६० अंशांच्या गरम हवेच्या झोतानें २७५ मिनिटांहून अधिक वेळ लागला. नभोवाणीच्या लहरींनीं तेंच काम पांच ते सात मिनिटांत केलें. लाकडाच्या खोक्यांतून देशोदेशीं फिरणाऱ्या किडीचाही विचार झाला. २०१३ सालीं आंतरराष्ट्रीय नियमांत, लांकूड लहरींनीं आरपार ६० अंशांवर अखंड एक मिनिट तापविण्याची पद्धत धुरीच्या शेजारीं मान्य झाली.

याचा अर्थ विजय झाला असा कोणी करूं नये. लहरींची ऊब रासभर सारखी पसरत नाहीं. कडा व कोपरे अधिक तापतात, एक थर करपतो तर दुसरा कोमट राहतो, आणि त्या कोमट थरांतील एखादी मादी पुढचें सारें कुटुंब उभें करते. म्हणून माल हालता ठेवावा लागतो, वरून गरम हवा द्यावी लागते. बियाणें असेल तर उगवणशक्तीस धक्का लागूं नये म्हणून अधिकच जपावें लागतें. यंत्र महाग आहे, वीजही महाग आहे. याच कारणासाठीं घरच्या भट्टींत वर्षाचें धान्य किडीसाठीं तापवूं नये. तिची लहर चोर निवडणारी नव्हे, आणि तिची ऊबही विषम असते.

आणखी एक भीति दूर केली पाहिजे. लासलगांव येथें भाभा अणुसंशोधन केंद्राचें जें केंद्र २००२ सालीं सुरू झालें, तेथें कांद्यावर कोबाल्टच्या गॅमा किरणांचा मारा होतो. ते किरण निराळे, त्या पद्धतीचें शास्त्र निराळें. नभोवाणीच्या व सूक्ष्मलहरींच्या अंगीं अणु फोडण्याचें सामर्थ्य नाहीं. त्या पदार्थ तापवितात, आणि यंत्र बंद केलें कीं मागें फक्त ऊब राहते.

श्रोतेहो, या इतिहासांत कल्पनेची उणीव कोठेंच नव्हती. कल्पना १९२९ सालीं होती, निवडक लहरीचा पुरावा १९७४ सालीं होता. उणीव होती ती हिशेबाची. धुरीचा खर्च मांडतांना आपण गोळीची किंमत लिहिली. आकाशाचें आवरण, निर्ढावलेला किडा, बंद खोलींत गुदमरलेलें कुटुंब यांचा रकाना कोराच ठेवला. तो रकाना भरूं लागतांच महाग यंत्र तितकेंसें महाग राहिलें नाहीं.

जातांजातां एवढेंच सांगतों. प्रकाश हीही विद्युत्-चुंबकीय लहरच आहे, असें मॅक्सवेलनें गेल्याच्या आधींच्या शतकांत दाखवून दिलें. तेव्हां वैशाखाच्या उन्हांत गच्चीवर गहूं पसरणारी आपली आजी आणि २७ मेगाहर्ट्‌झच्या पत्र्यांमध्यें मसूर तापविणारा संशोधक एकाच गोत्राच्या लहरींशीं व्यवहार करीत असतात. तिची लहर दाण्याच्या सालीवर थबकते, याची गाभ्यापर्यंत जाते, एवढेंच अंतर. तोंवर गच्चीवरचें वाळवण मोडूं नये, आणि कोठारांतल्या विषारी गोळ्या राहत्या घरांत तर मुळींच आणूं नयेत.